सावंतची भुवई आणि हुकलेला दगड

कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात दोन गोष्टी साठतात. दिवाळीला कंपनीने दिलेले स्टीलचे डबे आणि किस्से. डबे बायको लग्नाकार्यात देऊन मोकळी होते. किस्से कोणाला देणार? म्हणून चार माणसं बसली की मी सुरू होतो. माझ्या किश्शांची भानगड एकच आहे. कुठूनही सुरुवात करा, मधे सावंत घुसतो!

तर आधी सावंत कोण ते ऐका. रबाळ्याला आमची कंपनी रंगाला लागणारी केमिकल्स बनवायची. दोन प्लांट, मधे एक रस्ता. दोन्ही एकाच वर्षी बांधलेले, मशिनरी तीच. अलीकडच्या प्लांटचा सेफ्टी ऑफिसर मी, जाधव, मूळचा सातारचा. पलीकडच्याचा सावंत, मालवणचा. राहायलाही दोघं जुईनगरला एकाच सोसायटीत. म्हणजे रविवारीसुद्धा सुटका नाही.

आमचे चीफ सेफ्टी ऑफिसर रिटायरमेंटला आले होते. त्यांच्या खुर्चीवर आमच्या दोघांपैकी एक बसणार, हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक होतं. मला ती खुर्ची पाहिजे होती. उगाच साधेपणाचं नाटक कशाला करू?

*

सावंतच्या प्लांटला आग लागायची. वर्षाकाठी एखादी तरी. फार मोठी नाही, पण धूर बाहेरच्या रस्त्यावरून दिसेल इतपत. आग लागली की सावंत सगळ्यांच्या पुढे. खांद्यावर पाण्याचा होज, तोंडात मालवणी शिव्या, बघता बघता आग खलास! माणूस शूर, यात वादच नाही. एका आगीत त्याची अर्धी भुवई जळली.

मग काय विचारता! चांदीचं पदक, जनरल मॅनेजर साहेबांच्या हस्ते शाल, हाराने मान दिसेना. अकाउंट्समधल्या बायका रोज चौकशी करायच्या, "सावंत, भुवई आली का हो?" आणि हा पठ्ठ्या जळकी बाजू पुढे करून उभा राहायचा.

माझ्याकडे गॅस्केट फुटायच्या आधी बदललेलं असायचं. व्हॉल्व्ह गळायच्या आधी उघडून साफ केलेला असायचा. नवे पार्ट मागायला मी येताना दिसलो की स्टोअरवाला शटर ओढून घ्यायचा, इतका माझा त्रास. सावंत सगळ्यांसमोर म्हणायचा, "जाधवाच्या प्लांटात माणूस जळून नाय मरायचा, कंटाळून मरेल!"

समारंभानंतर चहा घेताना जीएम साहेबांनी विचारलं, "जाधव, तुमच्याकडे काय झालं यंदा?"

"काही नाही सर."

"काहीच नाही?" साहेबांचा चेहरा असा, जणू पोरगं परीक्षेलाच बसलं नाही!

मी जळलो. दोन्ही भुवयांसकट जळलो. पण ते कोणाला दिसतंय?

*

शहाण्णवच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. एक मोठा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार, चंद्राच्या जरा पलीकडून. हुकणार होता, पण शास्त्रज्ञांना दिसला तोच मुळी अगदी आयत्या वेळी.

ती बातमी कँटीनमध्ये मी आणली. मी! कात्रण माझ्या खिशात होतं. मी मोठ्याने वाचायला लागलो, तर वरण वाढणारे पाटीलमामा थांबले. मामा रबाळे गावातलेच. म्हणाले, "सायेब, त्यो दगर आपले कंपनीवं परला तं जेवन कोन खानार? मना आदी सांगा, मी भात कमी लावीन!"

सगळे हसले. मी पुढचं वाचणार होतो, तेच खरं महत्त्वाचं होतं. असा दगड खूप लांब असतानाच ओळखायचा, त्याला बारीकसा धक्का द्यायचा, म्हणजे तो आपोआप बाजूने निघून जातो. पण तेवढ्यात सावंतने कात्रण हातातून ओढलं आणि बाकावर चढला. "डोंगर, मित्रांनो, डोंगर! पडला तर बेलापूरपासून ठाण्यापर्यंत राख!" 

जीएम साहेब मागच्याच टेबलावर होते. म्हणाले, "वा सावंत! शुक्रवारच्या सेफ्टी टॉकला हाच विषय घ्या."

शुक्रवारी सावंत आला तो एक परात भरून वाळू आणि नारळ घेऊन. परात खाली ठेवली, स्टुलावर चढला आणि नारळ दाणकन आपटला. वाळू उडाली ती थेट साहेबांच्या पँटवर. टाळ्यांचा कडकडाट! साहेबसुद्धा वाळू झटकत टाळ्या वाजवत होते.

त्यानंतर माझा नंबर होता. विषय, 'पंपाचं पॅकिंग वेळेवर बदला'. निम्मे लोक खोबरं खायला गेले होते.

*

लघुग्रह जायच्या दिवशी संध्याकाळी सावंतने सोसायटीची अख्खी गच्ची भरवली. बायका, पोरं, खालचा इस्त्रीवालासुद्धा इस्त्री विझवून वर आलेला. सावंतने हात लांब केला. "तो बघा! पश्चिमेला, चकचकतोय तो!" लोकांनी हात जोडले. एका आजींनी तर नातवाला मागे ओढलं.

आमची सौ. माझ्या कानाशी म्हणाली, "सावंत भावजींना किती माहिती असते नै?"

आता मात्र राहवेना. मी म्हटलं, "अगं, तो शुक्र आहे! लघुग्रह असा नुसत्या डोळ्यांनी दिसत नसतो. शुक्र महिनाभर रोज संध्याकाळी तिथेच चमकत असतो, तू दोरीवरचे कपडे काढतेस ना, तेव्हाही असतो."

ती म्हणाली, "रोज असतो त्याला बघायला कोण वर येणार?"

मी खाली आलो आणि चहा स्वतःच करून प्यालो.

*

पुढच्या महिन्यात सावंतच्या सांगण्यावरून स्पेशल मॉक ड्रिल झालं. सायरन वाजला की काम टाकून गेटवर जमायचं. जीएम साहेब घड्याळ घेऊन उभे.

सायरन वाजला. सावंतची माणसं धावत सुटली, गेटवर पहिली! आणि तिथे उभी राहून सगळी आभाळात बघायला लागली, खरंच काही पडतंय की काय म्हणून. माझा ऑपरेटर शिंदे आधी वाफ बंद करणार, मग थंड पाणी सुरू करणार, मग येणार. मीच तसं शिकवलेलं. आम्ही शेवटून पहिले आलो.

मी तर माझ्या माणसांच्याही मागे राहिलो होतो. रस्ता ओलांडताना सहज सावंतच्या प्लांटमध्ये डोकावलो, तर आत चिटपाखरू नाही आणि रिअॅक्टरला, म्हणजे केमिकल शिजवायच्या टाकीला, वाफ चालूच! तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला, अजून चढला तर स्फोटच. धावत जाऊन वाफ बंद केली, पाणी सोडलं, काटा खाली येईपर्यंत तिथेच उभा राहिलो. गेटवर पोचलो तेव्हा साहेब सावंतला ढाल देत होते. मला म्हणाले, "जाधव, तुम्ही स्वतःच लेट?"

दुपारी कँटीनमध्ये मी सगळी हकीकत सांगितली. सावंतसमोर सांगितली, मी काय पोटात ठेवणारा माणूस आहे? मग पाटीलमामांनी विचारलं, "मंग झाला काय?"

"काही झालं नाही. मी बंद केलं ना!"

"हात्तिच्या!" असं म्हणून सगळे ताकाकडे वळले. सावंत तेवढा जेवण अर्धं टाकून उठला. मला वाटलं, रागावला. रागाव म्हटलं!

*

मग आला खुर्चीचा इंटरव्ह्यू. जीएम साहेबांच्या डोक्यातून लघुग्रह अजून गेला नव्हता. दोघांना एकच प्रश्न. "समजा, तो दगड आपल्यावरच येतोय. तुम्ही काय कराल?"

सावंतने नंतर बाहेर येऊन स्वतःच उत्तर सांगितलं. "सर, शेवटचा माणूस गेटबाहेर जाईपर्यंत हा सावंत आतून हलणार नाही!" साहेबांनी म्हणे खुर्चीतून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी म्हटलं, "सर, वीस वर्षं आधी त्याला हलकासा धक्का देईन. तो बाजूने निघून जाईल."

"आणि लोकांना कसं कळणार, की तो पडणार होता?"

"नाही कळणार सर."

"मग जाधव, तुम्ही काही केलंत हे कंपनीला तरी कसं कळणार?"

इतका सोपा प्रश्न! त्याचं उत्तर मी अजूनही शोधतोय. सोमवारी सावंतच्या केबिनवर पाटी लागली, चीफ सेफ्टी ऑफिसर. एसी केबिन, बेल मारली की प्यून! मी अभिनंदन करून आलो. घरी येऊन सौ.ला म्हटलं, "आजपासून त्या माणसाचं नाव या घरात घ्यायचं नाही." तिने विचारलं, "मग तुम्ही रोज बोलणार कशाबद्दल?"

*

वर्षभराने सावंतची मुलगी स्मिता बी.एस्सी. झाली आणि आमच्याच कंपनीत ट्रेनी केमिस्ट म्हणून लागली. एकुलती एक पोर. लहान असताना माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून सोसायटीला चकरा मारायची.

ती जॉइन होणार त्याच्या आदल्या दिवशी चीफ साहेब स्वतः चालत माझ्या प्लांटवर आले. प्यून नाही, निरोप नाही. पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला आणि सावंत उभाच राहिला.

"बस की," मी म्हटलं. "आता काय बाबा, घरातच दोन माणसं कंपनीची!"

"तिला कुठल्या प्लांटवर टाकायचं, त्यावर सही माझी लागते," सावंत म्हणाला.

"मग टाक ना तुझ्या जुन्या प्लांटवर!" एवढा चान्स मी सोडतोय होय? "बापाने कुठे पदकं मिळवली ते बघू दे पोरीला. तुझीच माणसं तिथे, राणीसारखी ठेवतील."

सावंत हसला नाही. खिडकीतून रस्त्यापलीकडे बघत होता. भुवई कधीच पूर्ण उगवली होती, तरी त्याचा हात तिच्यावरून फिरत होता.

"तुझ्याकडे घे तिला, जाधवा."

"माझ्याकडे? माझ्याकडे काय आहे? तूच म्हणायचास ना सगळ्यांसमोर? अरे, कंटाळेल पोरगी!"

"कंटाळू दे," सावंत म्हणाला. "कंटाळू दे रे तिला."