परमिट रूमसमोरची पायरी

निघायचं ठरलं ते भाच्याच्या फोनमुळे. "मामी, अंबरनाथची ती परमिट रूम पाडतायत. मामा बसायचे ती." मी म्हटलं, पाडायच्या आधी मला आत बसायचंय.

तर हे त्या एका दिवसाच्या फिरण्याचं वर्णन. मी सांगते, नात मुग्धा टाइप करते. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. मला अक्षरच येत नाही, त्यामुळे माझी चूक होत नाही.

सकाळी आधी उल्हासनगर. बदलापूरहून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षा, तिथून दुसरी. रस्ता जागोजागी खणलाय. कंबर दुखत असेल तर मधे बसा, दोन्हीकडून माणसांचा टेकू मिळतो. पोचल्यावर दाल-पकवान खा. एक प्लेट दोघींना पुरते. मुग्धा बरोबर असेल तर दोन सांगा.

कापडबाजारात मुग्धा फोनमधला नकाशा बघत गोल गोल फिरली. "आजी, दुकानाचं नाव काय होतं?"

"मला काय माहीत? मी वाचलं कधी?"

आमची दुकानं खुणेची. पांढऱ्या पायऱ्यांचं, झुलेलालच्या मोठ्या तसबिरीचं, आरशांचं. पाट्या बदलल्या म्हणून माझं काही अडत नाही. पांढऱ्या पायऱ्यांचं दुकान मी सरळ जाऊन दाखवलं. लग्नानंतरची माझी पहिली साडी तिथली. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात.

शेठचा नातू गल्ल्यावर होता. "दादी, कपडा तो कब का बंद किया. बैठो ना, चाय पियो." चहा झाल्यावर म्हणतो, "कव्हर दिखाऊं?" आजोबाही चहा पाजूनच साड्या उलगडायचे. मुग्धा कव्हर घेऊन बाहेर पडली.

दुपारी मागे अंबरनाथ पूर्वेला. आता मुद्द्याचं सांगते.

आमचे हे कारखान्यातून सुटले की आधी कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये बसायचे. तेव्हा बाईनं तिथं पाय ठेवायचा नाही, आणि चिठ्ठी पाठवायची तर ती लिहिणार कोण? म्हणून आमच्या चाळीतल्या बायकांनी एक रीत काढली होती. दुधाची रिकामी किटली शेजारच्या पानवाल्याकडे द्यायची. तो ती आत नेऊन ज्याच्या त्याच्या टेबलावर ठेवायचा. किटली आली की हातातला ग्लास संपवून माणसानं उठायचं आणि दूध घेऊन घरी यायचं. माझ्या किटलीच्या कडीला लाल दोरा होता.

किटली देऊन बाकीच्या घरी जायच्या. मी मात्र समोरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर दळणाच्या डब्यांआड बसून राहायचे. हे बाहेर पडले की मागच्या गल्लीनं पळत घरी. ते दारात येईपर्यंत माझा स्टोव्ह पेटलेला. त्यांना कधी पत्ता लागला नाही, असं मी लेकीला, सुनेला, नातीला मोठ्या तोऱ्यात सांगत आले. पण आत असं काय होतं, जे आमच्या घरात नव्हतं? ते गेले आणि विचारायचं राहूनच गेलं.

गल्ल्यावर पांढऱ्या केसांचे मालक होते. "आजी, फॅमिली सेक्शन वर आहे. एसी आहे."

"मला थंडी बाधते. लाल दोऱ्याच्या किटलीवाले कुठं बसायचे?"

ते खुर्चीतून उठलेच. "तुम्ही त्यांच्या मिसेस? किटली ओळखतो मी. तुम्हाला आज बघतोय."

त्यांनी दाराजवळची जागा दाखवली. अंगावर ऊन, धूळ, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का. सगळ्यात वाईट जागा. "आत पंख्याखाली बसा म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. ही खुर्ची भरलेली असली तर उभे राहायचे."

मी बसले. पलीकडच्या टेबलावरच्यांनी ग्लास खाली ठेवले. म्हटलं, "प्या रे, मी तुमची सासू नाही." लिंबू-सोडा मागवला. मसाला शेंगदाणे मुग्धानं संपवले.

मग मी मान वर केली. गिरणीच्या जागी आता एटीएम आहे, पायरी तीच. म्हटलं, "मुग्धा, जरा तिथं जाऊन बस."

ती बसली. तिच्या चपलेचा तुटका पट्टासुद्धा मला दिसत होता.

मालकांना विचारलं, "ह्यांची चाल कशी होती हो?"

"बाप रे, भोंगा झाला की सगळ्यांच्या आधी इथं. बाकीचे धापा टाकत मागून."

आणि लोक सांगायचे, घरी येताना हाच माणूस पानवाल्याशी गप्पा मारायचा, दूधवाल्याकडे रेंगाळायचा, चाळीच्या तोंडाशी उगाच विडी पेटवायचा. मला वाटायचं, चढलीय.

सोड्याचे पैसे मालकांनी घेतले नाहीत. मुग्धा म्हणाली, "आजी, ते तुला पोचायला वेळ द्यायचे." मी म्हटलं, "कळतंय मला. टाइप करायचं तेव्हा कर."

जायचं असेल तर लवकर जा, या महिन्यात पाडणार म्हणतात. लिंबू-सोडा चांगला आहे.

संध्याकाळी बदलापूरला परत. हातपाय धुऊन ह्यांच्या फोटोसमोर खुर्ची ओढून बसले. इतकी वर्षं मला गल्लीतून पळवलं, चिखलात, पदर खोचून, आणि एका शब्दानं सांगितलं नाही. इतकं झकास भांडण हाताशी आलंय, आणि माणूस नुसता फोटोतून बघतोय.