सहावं कार्ड

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला वाटतं, मी ते काम कंटाळून सोडलं. मीही चार वर्षं तेच सांगत आले — कंटाळा हे किती सोयीचं कारण, कुणी पुढे विचारत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की हीसुद्धा एक पळवाटच?

मी एका संस्थेत जॉब कोच होते. ज्यांना शिकायला वेळ लागतो, वाचता-लिहिता येत नाही, ज्यांच्यापुढे शाळांनी हात टेकले, अशा तरुण मुलामुलींना चारचौघांसारख्या पगाराच्या नोकरीत बसवायचं. पद्धत ठरलेली. कामाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं चित्र काढायचं, ती कार्डं मशीनशेजारी ओळीने लावायची. सुरुवातीला शिकणाऱ्याच्या अगदी जवळ उभं राहायचं, मग दोन पावलं मागे, मग दाराशी, आणि एक दिवस दाराबाहेर. मला ते फार चांगलं जमायचं. बढाई मारत नाही — पुढचं कळावं म्हणून सांगते.

ज्योती हैदराबादेतल्या मलकपेठची. वय सव्वीस. वडील नव्हते, आई एका शाळेत स्वयंपाक करायची, आणि आपल्यामागे हिचं कसं होणार ही एकच काळजी त्या बाईला होती. आबिड्सजवळच्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत मी ज्योतीला लावलं. धुतलेल्या चादरी इस्त्रीच्या गरम रोलरमध्ये सरळ सोडायच्या, एवढंच काम. त्याची नऊ कार्डं. सहावं मी लाल स्केचपेनने काढलं होतं: चादर अडकली की लाल बटण दाबायचं, हात मागे घ्यायचे, हाक मारायची.

ज्योतीचा एक गुण होता. शिकायला तिला महिना लागायचा, पण एकदा शिकली की काळ्या दगडावरची रेघ. चादरीला बोटभर सुरकुती पडली तरी ती बटण दाबायची. मशीन थांबायचं, मागच्या सगळ्या बायका थांबायच्या, तोंडं वाकडी करायच्या. ज्योती मात्र हात मागे घेऊन शहाण्यासारखी उभी. आधी मला हसू यायचं. मग सुपरवायझरने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि माझं हसू गेलं.

एका दुपारी त्याने मला बाजूला घेतलं. "मॅडम, ये लड़की हर घड़ी मशीन रोक देरी. वो लाल कार्ड निकालो, नै तो कल से इसको लाओ नक्को."

मी काय करायला हवं होतं? सुरकुती आणि अडकणं यांतला फरक शिकवायला आणखी दोन आठवडे मागायचे. बस. तेवढंही झालं नाही माझ्याच्याने. त्या हॉटेलात आमची ही पहिलीच मुलगी, ती टिकली तर आणखी चौघांना घेणार होते, आणि ऑफिसात माझं कौतुक आधीच सुरू झालं होतं. कौतुक — लिहितानाही लाज वाटते. मी सहावं कार्ड काढून पर्समध्ये टाकलं आणि ज्योतीला सांगितलं, आता बटणाला हात लावायचा नाही, हातानेच सरळ करायचं.

तिने विचारलं, "अक्का, मग अडकली तर?"

"अडकत नाही," मी म्हणाले.

जुनं पुसायला तिला आठ दिवस लागले. तिचा हात बटणाकडे जायचा, मी तो धरून बाजूला करायची — होय, माझ्या हाताने, किती वेळा कोण जाणे. नवव्या दिवशी तिचा हात गेला नाही. मी दोन पावलं मागे सरले. मग दाराशी. मग 'स्वतंत्रपणे काम करते' या रकान्यात खूण केली आणि निघाले. त्या दिवशी मशीनची घरघर रस्त्यापर्यंत ऐकू येत होती, आणि मी उगाचच भराभर चालत होते. उगाचच?

सतरा दिवस काही झालं नाही. अठराव्या दिवशी चादर अडकली.

उजव्या हाताची चार बोटं भाजली. डॉक्टरांनी ती वाचवली, पण ती आता वळत नाहीत. मशीन दुसऱ्या एका बाईने धावत येऊन थांबवलं. ज्योती ओरडत होती, लाल बटण तिच्या डाव्या हाताशीच होतं, आणि तिने ते दाबलं नाही.

पुढे मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. सुपरवायझर, ज्योतीची आई, मी, आणि पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ज्योती. मॅनेजरने मला विचारलं की बटणाचं हिला शिकवलं नव्हतं का. सुपरवायझर फरशीकडे बघत होता. कार्ड अजून माझ्या पर्समध्येच होतं.

"शिकवलं होतं," मी म्हणाले. "ती विसरली असेल."

ज्योतीने माझ्याकडे पाहिलं. अक्का सांगते ते बरोबर असतं, हे मी तिला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. ती म्हणाली, "हो. मी विसरले."

तिच्या आईने हात जोडले — मला. ताईंच्या मेहनतीवर पाणी पडलं म्हणून माफी मागितली. मी ती घेतली. ज्योतीची नोकरी गेली, त्या चौघांचं नावही पुढे कुणी काढलं नाही.

गेल्या महिन्यात तिची आई मला बाजारात भेटली. गुडघे गेलेत, थांबत थांबत चालत होती. सांगत होती, बारा वर्षांची असल्यापासून ज्योती घरचा चहा करायची, आता गॅसपाशी जात नाही. दाराची कडीसुद्धा लावत नाही. काही सांगायला गेलं की कानांवर हात ठेवते, म्हणते, मला नको सांगू, मी विसरते.

"तुम्ही एवढं शिकवलंत ताई," आई म्हणाली, "हिच्याच डोक्यात राहत नाही."

ज्योती काहीही विसरली नव्हती. तिची आई आणि मी भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होतो, तिला काही घाई नव्हती, मलाही नव्हती. मी मान डोलावली.