म्होरकीला लागलेलं तेल

जनावरांच्या प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आमच्या गोऱ्ह्याच्या तोंडाला, कानामागे, मानेला जवसाचं तेल मीच चोपडलं. परीक्षकांना त्याच्या कातडीत आपलं तोंड दिसावं, ही माझी खाज. त्याला अजून वेसण घातलेली नव्हती. त्याचं सारं बळ तोंडावरच्या दोराच्या म्होरकीनंच आवरायचं. तरी घामानं कडक झालेली जुनी म्होरकी काढून मी गोंड्यांची नवी चढवली, तीही तेलकट हातानं.

मैदानात शेजारचा बैल डुरकला. गोऱ्ह्यानं मान खाली घालून एकच हिसका दिला आणि म्होरकी कानांवरून घसरून माझ्या हातात राहिली. लगेच त्याचं शिंग त्या बैलाच्या बरगडीत घुसलं. बाबांनी मध्ये पडून गोऱ्ह्याच्या नाकपुड्यांत बोटं खुपसली. त्यानं डोकं झटकलं तेव्हा बाबांचं बोट मोडल्याचं मला ऐकू आलं, पण त्यांनी पकड सोडली नाही.

गळ्यात दावं टाकून त्याला खुंट्याला बांधल्यावर मी म्होरकी फेकली आणि मंडपाचा बांबू उपसून त्याला झोडपत सुटलो. बांबू फुटला तरी थांबलो नाही.

"त्याले काऊन मारून राह्यला बे?" बाबांनी धड हातानं म्होरकी उचलून माझ्या नाकाशी धरली. "वास घे."

मी घेतला. जवसाचं तेल. मग त्याच म्होरकीच्या फटक्यानं त्यांनी माझा गाल फोडला.

संध्याकाळी मी गोऱ्ह्याला पाणी दाखवलं. पाठीवर वळ घेऊन तो पाण्याकडे न जाता माझे हात चाटू लागला. तेल अजून तिथंच होतं.