मारियाच्या नावावरचं कुंकू

पोटच्या लेकीलाही हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. तोंड उघडलंय खरं, आता मध्येच मिटायला नको.

आमचे हे लढाईत पार इटलीपर्यंत जाऊन आलेले. पुढं पिंपरीत नवा कारखाना उभा राहिला, तेव्हा फाटकावर पहारेकरी म्हणून लागले आणि चाकणकडचं बिऱ्हाड आम्ही तिथं हलवलं. एका वर्षी साहेब म्हणाले, लढाईची हकीकत लिहून द्या, कारखान्याच्या दिवाळी अंकात छापू. ह्यांना अक्षर येत नव्हतं. मी सातवी पास. हे दुपारी सुपारी कातरत सांगायचे, मी वहीत उतरवायची.

मला वाटलं, तोफा असतील, मुडदे असतील. पण ह्यांच्या लढाईत एक बाईच! मारिया. जर्मनांच्या कैदेतून हे पळाले आणि त्या शेतकरणीनं ह्यांना गवताच्या माळ्यावर लपवलं — तीन आठवडे. लेकराच्या भाकरीतली अर्धी वर पाठवायची. एक दिवस जर्मन शिपाई आले, तिच्या छातीला बंदूक लावली. हे वरून फटीतून बघत होते. "कुणी न्हाई म्हनली. डोळासुदिक हलला न्हाई तिचा," हे म्हणाले, आणि अडकित्ता हातातच राहिला.

ना नात्याची, ना गोताची, ना ह्यांची भाषा कळणारी — एवढी छाती आणली कुठून त्या बाईनं? मी असते तर? पहिल्या दमातच माळ्याकडं बोट केलं असतं.

आणि तरी —

आमच्यात नवरा-बायकोनं एकमेकांचं नाव घ्यायची रीत नव्हती. मी जन्मभर नुसती "अगं". आणि ह्यांच्या तोंडी मारिया, मारिया — इतकं जपून, देवाचं घ्यावं तसं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहीत लिहिलं : मारियाने जर्मनांना खबर दिली. मी माळ्यावरून उडी टाकून निसटलो.

वाचून दाखवताना मात्र ह्यांचेच शब्द बोलले. पाठ झाले होते ना.

अंक छापून आला. "तिचं नाव कुठं हाय गं?" मी ह्यांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. नाव तर तिथंच होतं.

पुढच्या खंडेनवमीला ह्यांनी विळा, कोयता, पहाऱ्याची काठी पूजेला मांडली. शेजारी तो अंक, पान उघडून. त्या ओळीवर हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले. शेजारचे इसाकभाई मेस्त्री आले होते. त्यांनी वाकून ओळ वाचली आणि ह्यांच्याकडं बघतच राहिले. दगा देणारीलाही हात जोडतो हा माणूस, असंच वाटलं असणार त्यांना.

"मन लय मोठं, भाऊ."

"व्हय. लय मोठं," हे म्हणाले. डोळे भरून आले होते. हे तिच्याबद्दल बोलत होते.

तेव्हा तरी बोलायला नको होतं का मी? नैवेद्याचं ताट झाकत बसले.

त्यानंतर दरवर्षी हेच. हे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. खंडेनवमीला अंक आता मी मांडते. कुंकू वाहून वाहून तिचं नाव पार झाकून गेलंय. पुढचे शब्द तेवढे अजून स्वच्छ वाचता येतात — जर्मनांना खबर दिली.