शहनाजबीच्या दंडावरची बटनं

शहनाजबी मन्यारीण रिक्षातून पडली तेव्हा तिनं हात टेकवला नाही. कळमनुरीच्या बाजारातून औंढ्याला परतताना रिक्षा कलंडली. तिनं बांगड्यांची पेटी छातीशी कवटाळली आणि सगळं अंग उजव्या कोपरावर घेतलं. पेटीतली एकही बांगडी फुटली नाही. दंड मात्र कोपराच्या वर मोडला.

"काच राखली आन् हाड फोडलं," हिंगोलीच्या दवाखान्यात कण्हत कण्हत ती मला म्हणाली. "मास्तर, हाय का दुसरी अशी येडी मन्यारीण?"

ह्या बाईला मी तिच्या तरुणपणापासून ओळखतो. तेव्हा मी तमाशाच्या फडात राणीचं काम करायचो. पदर, नथ, चाल सगळं जमायचं, पण पंजा पडला पुरुषाचा. इतर मन्यारणी माझा हात बघून तोंडाला पदर लावायच्या. ही नवी नवरी मात्र मांडी घालून समोर बसली. "मास्तर, हात नका आवळू. तुमच्या गावची गोष्ट सांगा." मी सांगू लागलो, तिनं अंगठ्याचं मूळ दाबलं आणि गोष्ट संपायच्या आत हिरवा चुडा माझ्या मनगटावर चढलेला होता. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. फड मोडला, राणीचं लुगडं वाळवीनं खाल्लं, तरी ही बाई भर बाजारात मला "राणीसरकार" म्हणून मुजरा करते, आणि खरं सांगतो, मी मान ताठ करून तो घेतो.

तोच हात आता झोळीत होता. डॉक्टर रत्नपाल दोन दिवसांसाठी मुंबईहून आले होते. त्यांनी खुर्ची ओढून सगळं नीट समजावलं. मोडलेल्या हाडाला वेटोळं घालून एक नस जाते. धातूची पट्टी आणि स्क्रू बसवताना त्या नसेला इजा झाली तर मनगट लोंबतं राहील.

"मंग बांगडी?" शहनाजबीनं विचारलं.

"नाही भरता येणार."

"म्हंजे ह्यो हात मला नुसता मिरवायला व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक जाडजूड चष्मा दाखवला. तो घातला की मोडलेल्या हाडाचं चित्र दंडावरच उमटलेलं दिसतं, म्हणजे चीर लहान देता येते आणि नस राखता येते. चित्र जागेवर बसावं म्हणून दंडावर खुणेची, टिकलीसारखी गोल बटनं चिकटवली होती. ती चिकटवूनच सकाळी स्कॅन काढला होता.

ऑपरेशनला न्यायच्या आधी सून यास्मीननं सासूच्या उजव्या दंडावर इमामजामीन बांधला. संकटाला सामोरं जाताना कापडात नाणं गुंडाळून दंडावर बांधायची त्यांची रीत. मोडका असला तरी दंड उजवाच हवा. मी दारात उभा राहून मनात हात जोडले. थोड्या वेळानं सपना सिस्टरनं तो सोडून यास्मीनच्या मुठीत दिला आणि शहनाजबीला आत नेलं. भूल फक्त हातापुरती होती. बाई जागी राहणार होती.

बाहेर बाकड्यावर यास्मीन आणि मी, दोघंच. तिचं मन रमावं म्हणून मी बोलू लागलो.

"यास्मीन, ती बटनं म्हणजे आमच्या स्टेजच्या फळीवरच्या खडूच्या खुणा. राणीनं त्या खुणेवर उभं राहायचं, की वरचा दिवा बरोबर तिच्या तोंडावर."

"आन् खूण कुणी सरकवली तर?"

"मग राणी अंधारात, आणि उजेड रिकाम्या फळीवर!"

मी हसलो. ती हसली नाही. इमामजामीनावरची तिची मूठ पांढरी पडली होती.

"मास्तरचाचा, एक बटन मी काढलं व्हतं. इमामजामीनाची गाठ त्याच्यावरच येऊन राहिली व्हती. टोचंल म्हनून काढलं आन् बाजूला परत चिटकवलं. बराबर दिसत व्हतं."

"तुझ्या सासूला माहीत आहे?"

"त्या म्हनल्या, ऱ्हाऊ दे, टिकलीच तर हाय." ती रडायला लागली. "आता सांगितलं तर आपरेशन रद्द करतील. डाक्टर उद्या चालले. आन् अम्मीचा हात गेला तर जलमभर माझ्याकडं कसं बघतील त्या?"

"ऊठ पोरी. आत हाडावर ड्रिल चालणार आहे."

ती उठली. दार वाजवलं. कुणी उघडेना. मग तिनं दोन्ही तळव्यांनी दार बडवलं, तसा सपना सिस्टरचा मास्कमधला चेहरा फटीत आला.

"काय तमाशा लावलाय?"

"सिस्टर, बटन मी सरकवलंय! अम्मीचं काही न्हाई त्यात."

सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. "आत त्या म्हणून राहिल्या, मी सरकवलं. बाहेर तू म्हणतेस, मी. तुमच्या घरात गुन्हासुद्धा वाटून घेता का गं? कोणतं बटन? त्यांना सांगताच येईना."

यास्मीननं स्वतःचा दंड वळवून मागच्या बाजूला बोट टेकवलं. "ह्ये. खांद्याकडचं."

दार बंद झालं.

आत काय घडलं ते मला शहनाजबीनंच मागाहून सांगितलं. चिरायच्या आधी डॉक्टरांनी चष्मा घालून एक सळई तिच्या कोपराच्या टोकाला टेकवली. चष्म्यातलं कोपर भलतीकडेच. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. "कोणतं तरी बटन खोटं बोलतंय," डॉक्टर म्हणाले. "कोणतं ते कळेना. चष्मा ठेवून देऊ, नेहमीसारखी मोठी चीर घेऊ." हिरव्या पडद्याआड पडलेली शहनाजबी बोलली, "साहेब, एक मी सरकवलंय."

"कोणतं? आणि कसं? डाव्या हातानं, दंडाच्या मागं?"

"व्हय," ती म्हणाली. तेवढ्यात दार वाजलं.

ते बटन सोडून बाकीच्यांवर चित्र पुन्हा जुळवलं. सळई टेकवली, एक्स-रे काढून ताडून पाहिलं. चित्र हाडावर बसलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा यास्मीन भिंतीला टेकून उभी होती. "चीर लहानच दिली," ते म्हणाले. "नसेला धक्का लागलेला दिसला नाही. पण भूल उतरेपर्यंत नक्की सांगत नाही."

भूल उतरायला संध्याकाळ झाली. आधी बोटांची टोकं हलली. मनगट मात्र उशीवरून खाली लोंबत होतं.

"मनगट वर करा," डॉक्टर म्हणाले.

शहनाजबीनं ओठ दाबले. काही नाही. पुन्हा. काही नाही. यास्मीन खिडकीकडे वळली.

मला राहवलं नाही. मी माझा म्हातारा पंजा तिच्या हाताच्या वर धरला. "शहनाजबी, तिसरी घंटा झाली. राणीचे हात चुड्यावाचून मोकळे आहेत अजून."

तिनं माझ्या पंजाकडे पाहिलं. कपाळाला आठी पडली. "किती येळा सांगितलं मास्तर, हात नका आवळू." आणि ते मनगट थरथरत, मध्येच थांबत, उशीवरून वर आलं. बोटांनी माझ्या अंगठ्याचं मूळ शोधलं आणि दाबलं. जोर नव्हता. जागा तीच होती.

डॉक्टर आता हसले. यास्मीन येऊन सासूच्या पायांशी बसली, मान खाली घालून.

"रडतीस काहून? इमामजामीनाची गाठ सोड आन् त्यातला पैसा खैरातीत दे," शहनाजबी म्हणाली. "त्ये बटन कुठं हाय?"

"सिस्टरनं कचऱ्यात टाकलं, अम्मी."

"बरं केलं. लय खोटारडं व्हतं मेलं."