घंटागाडीवरचा माझा आवाज

आधी शब्द द्या, हसणार नाही म्हणून. बरं, हसा! अख्खा वॉर्ड हसून झालाय, तुम्ही चार जण उरलात म्हणून काय बिघडतंय? फक्त चहा तोंडात असताना हसू नका.

मखमलाबाद रोडला माझं स्टेशनरीचं दुकान. पण लोक मला ओळखतात ते निवेदक म्हणून. गणपतीचं मंडळ असो की कुणाची साठी, माईक हातात आला की मी दुकान विसरतो.

एक दिवस आमच्या भागाचे स्वच्छता निरीक्षक जाधव साहेब दुकानात आले. पायरीवर माझे रिकामे खोके पडलेले. म्हटलं, आली पावती! तर साहेब म्हणतात, "काका, तुमचा आवाज पाहिजे."

"माझा?"

"घंटागाडीवर लावायला. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, एवढंच सांगायचं. गाडीवरच्या त्या गाण्याने लोकांचे कान किटलेत. ओळखीचा आवाज असला की माणूस ऐकतो. शाश्वत विकासावर मोठमोठी भाषणं होतात, पण काका, तो शेवटी तुमच्या-माझ्या डब्यापाशीच येऊन अडतो. आत्ता कुठे आपल्या ओल्या कचऱ्याचं चांगलं खत व्हायला लागलंय. सगळ्यांनी मनावर घेतलं तर आपला वॉर्ड पहिला येईल!"

अहो, महापालिका! माझा आवाज! मला तर दुकान बंद करून पेढेच वाटावेसे वाटले.

घरी आलो. पंखा बंद, खिडक्या बंद, मोबाइल समोर. सुरू केलं, "सुज्ञ नागरिकहो! ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात…"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आमची ही, सुनंदा, "अहो, ह्या दुधाच्या पिशव्या कशात टाकू?"

मी असा वैतागलो! "टाक गं सगळं एकाच डब्यात! कोण बघायला येतंय?"

मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा कुकरची शिट्टी, एकदा शेजारचं कुत्रं, एकदा माझीच शिंक. नवव्या वेळी मात्र असं झकास जमलं की बस! लगेच जाधव साहेबांना पाठवून दिलं. म्हणजे, नववंच पाठवलं असं मी समजत होतो. साहेबांनी कामाच्या गडबडीत पहिलं वाक्य ऐकलं, 'वा काका!' म्हणून मेसेज केला, आणि आवाज चढला गाड्यांवर.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सुनंदा भाचीच्या साखरपुड्याला मनमाडला गेली. मी सकाळी दुकानात, आणि घंटागाडी फिरते गल्लीबोळांत. त्यामुळे मला काही माझा आवाज ऐकायला मिळेना.

पण कौतुक? विचारूच नका!

पहिली आली भाजीवाली अलका. "काका, लय भारी बोल्लात! आमच्या अख्ख्या चाळीला पटलं!"

"पटलं ना? मग तसंच करा."

"सकाळपासून तसंच करून राहिलोय की!"

मग बँकेतून निवृत्त झालेले देशमुख. चक्क हात हातात घेतला माझा. "हिंमत लागते हो! सरकारी गाडीवरून इतकं खरं कोण बोलतं?"

"कुणीतरी पुढे व्हायला हवंच ना," मी म्हणालो. विनयाने!

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी तर म्हणाल्या, "दोन डबे ठेवत होते, एक कालच माळ्यावर टाकला. केवढा त्रास वाचवलात!"

इथे मला जरा शंका यायला हवी होती. आली नाही. कौतुकाने माणसाचे कान बंद होतात. उलट मी दुकानाबाहेर फ्लेक्स लावला, फोटोसकट. 'माझं ऐका, वॉर्ड पुढे न्या!'

चौथ्या दिवशी भर बाजारात घंटागाडी दुकानासमोर थांबली. पुढे जाधव साहेब, लालबुंद. मागे गाडीवरच्या मंदाताई.

"काका, बघा हे!" भाताच्या खरकट्यात दुधाच्या पिशव्या, केळीच्या सालींत डायपर, सगळा काला! "खताला नेलेली गाडी परत पाठवली खत प्रकल्पवाल्यांनी. सलग तिसरी!"

मी भडकलो. "साहेब, लोकच नालायक! मी घसा फोडून सांगतोय आणि…"

"लोकांचं काय बी चुकलं नाय," मंदाताई शांतपणे म्हणाल्या. "सांगितलं तेच करून राहिले. ऐका."

आणि बटण दाबलं.

"सुज्ञ नागरिकहो! ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात…" काय आवाज, काय फेक! मी डोळेच मिटले. आणि मग कर्ण्यातून दुधाच्या पिशव्या आल्या. मग माझं उत्तर आलं. "कोण बघायला येतंय?" हे तर समोरच्या इमारतीवर आपटून दोनदा ऐकू आलं!

गर्दी लोटपोट. मीही ओशाळं हसणार होतो, तेवढ्यात मंदाताईंच्या बोटाकडे लक्ष गेलं. पट्टी होती. ओल्या कचऱ्यात कुणीतरी फुटका ग्लास टाकला होता.

हसू तिथेच विरलं हो. फ्लेक्स उतरवला. मंदाताईंची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर त्यांच्या गाडीबरोबर दारोदार फिरलो, "मी चुकलो, कचरा वेगळा द्या" म्हणत. कुलकर्णी वहिनींचा डबा माळ्यावरून मीच काढून दिला.

सुनंदा परत आली तोवर बातमी मनमाडपर्यंत पोचली होती. आल्या आल्या तिने दुधाची पिशवी धुतली आणि माझ्या डोळ्यांसमोर निळ्या डब्यात टाकली.

मग जाधव साहेब नवीन रेकॉर्डिंगसाठी घरी आले. मी घसा साफ केला, पंखा बंद केला.

"तुम्ही नको, काका," साहेब म्हणाले. "काकू, तुम्ही बोला."

सुनंदाने एका दमात बोलून टाकलं. ना शिंक, ना शिट्टी. आता आमचा वॉर्ड कचरा असा चोख वेगळा देतो की शेजारच्या वॉर्डातूनही तिच्या आवाजाची मागणी आलीय. रोज सकाळी प्रत्येक गल्लीत गाडी ओरडते, "ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, काचा कागदात गुंडाळून. आणि बायांनो, आमच्या ह्यांचं काही ऐकू नका!"

तेव्हापासून वॉर्डात मला नाव उरलेलं नाही. परवा देशमुख दुकानात आले, दोन रजिस्टरं घेतली आणि विचारलं, "काय म्हणताहेत आमचे हे?"