बघण्याच्या कार्यक्रमात शनी

नणंदेला बघायला दौंडकडची मंडळी शिरूरला आमच्या घरी येणार होती. त्या दिवसाची आखणी माझ्याकडे होती. चारला पाहुणे, मग पोहे-चहा, मग बोलणी, आणि अंधार पडायच्या आत रवानगी. अंधाराची काळजी एवढ्यासाठी, की परसात दुर्बीण होती.

ती नणंदेनं पुण्यातल्या एका शिबिरात जाऊन, स्वतः आरसा घासून बनवलेली. आधीची दोन स्थळं तिच्यापायीच फिरली होती. मुलगी रात्रीची परसात एकटी उभी राहते, म्हणे! या वेळी सासूबाईंनी दुर्बिणीवर जुनी चादर टाकली. नणंद एवढंच म्हणाली, "वहिनी, कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आणि जिथं जाईन तिथं ती माझ्याबरोबर येणार." मुलगा तिला फोटोत आवडला होता, म्हणून मलाच जास्त धास्ती.

न्हावऱ्याजवळ पाहुण्यांची जीप पंक्चर झाली. ते पोचले दिवेलागणीला, आणि पोह्यांच्या बशा हातात दिल्या तोच लाइट गेली. चैत्रातला उकाडा. मुलाचे वडील स्वतःच खुर्ची उचलून मागच्या दारानं परसात गेले. त्यांच्यामागे सगळेच.

"हे काय झाकून ठिवलंय?" त्यांनी विचारलं.

"बंब हाय," सासूबाई म्हणाल्या.

"बंब नाही, दुर्बीण आहे. मी केलीय." नणंदेनं चादर काढली आणि शांतपणे घडी घालू लागली.

लग्नाच्या बोलण्यात गुरूचं नाव निघालेलं बरं, म्हणून मी घाईनं म्हटलं, "वन्सं, गुरू दाखवा की यांना!"

"गुरू चिंचेआड आहे, वहिनी. शनी मात्र सुंदर दिसतोय."

मुलाच्या आत्यांनी बशी खाली ठेवली. "सोयरीक जुळवायला आलो आन् शनी?"

सासूबाईंनी मला चिमटा काढला, जणू शनी मीच आणून बसवला होता.

मुलाचे वडील मात्र उठले. "मला साडेसाती चाललीया, अक्का. इतकी वर्सं मानगुटीवर बसलाय, एकदा त्याचं तोंड तरी बघू दे." ते वाकले, ते बराच वेळ वाकूनच राहिले. "आरं तिच्या! ह्याला खरंच कडं हाय. आन् एवढासाच?" मग बायकोला हाक मारली, "ये गं, दर शनवारी कुणाला तेल घालतीस ते बघ."

मुलाच्या आईनं चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि मग डोळा लावला. "लई देखणा हाय की वो," त्या म्हणाल्या.

मुलाची पाळी आली तेव्हा नणंदेनं नळी सप्तर्षींकडे वळवून वसिष्ठाचा तारा लावला.

"दोन अगदी चिकटून दिसतायत," तो म्हणाला. "दुसरी ती अरुंधती का?"

"नाही, अरुंधती ती बाजूची, लांबची. हा वसिष्ठच मुळात जोडतारा आहे. नुसत्या डोळ्यांना एकच वाटतो."

"म्हंजी दुसरी बायकू?" आत्या म्हणाल्या. "सरक रं, मला बघू दे."

तो आणि नणंद एकदमच हसले. त्यानंतर दोघांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं होतं.

आत्यांचा डोळा दुर्बिणीलाच होता तोवर लाइट आली. "बंद करा आदी ती!" त्या ओरडल्या, आणि धावत जाऊन बटण बंद केलं ते सासूबाईंनी.

निघायच्या वेळी मुलाचे वडील दुर्बिणीभोवती एक फेरी मारून आले. नळीवर वरपासून खालपर्यंत वीत टाकत मोजलं आणि नणंदेला विचारलं, "पोरी, ही जीपमधी आडवी बसंल का उभी न्यावी लागंल?"

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं.

"थांबा, नक्की सांगते," मी म्हणाले आणि टेप आणायला आत पळाले.